बर्फ, वारा आणि ओहोटीचं वेळापत्रक : आबिस्को ते लोफोटेन

स्वीडनमधल्या लुलेओहून निघणारा ई-१० हा महामार्ग किरुना आणि आबिस्कोवरून नॉर्वेत शिरतो, नार्विकजवळून पुढे जातो आणि साडेआठशे किलोमीटरनंतर लोफोटेन बेटांच्या टोकाला 'ओ' नावाच्या गावात संपतो. हिवाळ्यातली निसर्गदृश्यं टिपायला उत्तरेत जायचं असेल, तर या रस्त्याचा आबिस्कोपासून पुढचा भाग निवडावा. दोन्ही टोकं साधारण ६८ अंश अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहेत, पण हिवाळा मात्र अगदी वेगवेगळा. आबिस्कोला कोरडी, उणे वीसची थंडी. लोफोटेनला उबदार सागरी प्रवाहामुळे पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि त्यासोबत वारा, गारा, पाऊस, बर्फ असं सगळंच येतं. कॅमेऱ्याला आणि माणसालाही ही दुसरी थंडी जास्त छळते.

वेळ फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याची. डिसेंबरमध्ये इथे सूर्य उगवतच नाही. या आठवड्यात दिवस साडेआठ तासांचा झालेला असतो आणि रोज सुमारे आठ मिनिटांनी वाढतो. माध्यान्हीलाही सूर्य क्षितिजाच्या फक्त ११ अंश वर असतो, त्यामुळे आपल्याकडे सकाळी सातच्या सुमाराला मिळणारा तिरपा, लांब सावल्यांचा प्रकाश इथे दिवसभर पुरतो. सूर्य फार तिरका मावळत असल्याने संधिप्रकाशही रेंगाळतो. मुंबईत सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत अंधारतं, इथे त्याला तासाभराहून जास्त लागतो. प्रकाशासाठी धावाधाव करावी लागत नाही. इथे आखणी करायची ती वाऱ्याची आणि भरती-ओहोटीची.

शनिवार : एवेनेस ते आबिस्को

मुंबई–ऑस्लो–एवेनेस असा विमानप्रवास आणि विमानतळावरून भाड्याची गाडी. गाडी घेताना दोन गोष्टी आधी विचारा. टायर खिळ्यांचे आहेत का, आणि सीमा ओलांडून स्वीडनला न्यायची परवानगी आहे का. नार्विकनंतर रस्ता ब्यॉर्नफ्येलच्या पठारावर चढतो. इथे वारा सुटला की उडणाऱ्या बर्फात रस्त्याच्या कडेच्या खुणेच्या काठ्याही दिसेनाशा होतात. तसं झालं की रस्ता बंद करतात किंवा बर्फ काढणाऱ्या गाडीमागे ताफा करून वाहनं सोडतात. थांबावं लागलं तर इंजिन चालू ठेवून तासभर सहज जातो. म्हणून टाकी किमान अर्धी भरलेली, थर्मासमध्ये चहा आणि जड जाकीट मागच्या सीटवर, डिकीत नाही. नॉर्वेतल्या रस्त्यांची स्थिती १७५ क्रमांकावर फोन करून कळते.

पठार उतरलं की आकाश उघडतं, आणि हा योगायोग नाही. अटलांटिकवरून येणारे ढग नॉर्वेच्या सीमेवरच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि आबिस्को पर्जन्यछायेत राहतं. इथे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाणी पडतं, स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी ही एक. तोर्नेत्रेस्क तलावावर बरेचदा निरभ्र आकाशाचा तुकडा टिकून असतो, तो याच कारणाने. ध्रुवीय प्रकाशासाठी जगभरातून लोक इथे येतात ते उगाच नाही.

मुक्कामाच्या हॉस्टेलमध्ये स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. तिथे पहिल्याच संध्याकाळी दोन दिवसांच्या हवामानाची पक्की माहिती मिळते, कारण प्रत्येक जण नुकताच कुठून तरी गोठून आलेला असतो. कुत्र्यांच्या घसरगाड्या चालवणाऱ्या एका तरुणीने तलावावर कुठे चालावं आणि कुठे नाही, हे कागदावर रेघा मारून दाखवलं. आबिस्कोयोक्का नदी जिथे तलावाला मिळते तिथला बर्फ वाहत्या पाण्यामुळे पातळ असतो, त्या बाजूला जायचंच नाही. स्नोमोबाइलच्या खुणा केलेल्या वाटेवरून चालायचं आणि गळ्यात बर्फात रोवायचे खिळे अडकवायचे. बर्फ फुटलाच तर ते काठावर रोवून स्वतःला वर ओढता येतं.

रविवार : तोर्नेत्रेस्क आणि लापोर्तेन

सकाळी उणे बावीस. वारा नव्हता, त्यामुळे ही थंडी सहज सोसवते. उणे पाच आणि जोराचा वारा हे याहून वाईट.

लापोर्तेन ही हिमनदीने कोरलेली यू आकाराची खिंड. आबिस्कोतून ती आग्नेयेला दिसते आणि या दिवसांत सूर्यही आग्नेयेकडूनच उगवतो, त्यामुळे सकाळी खिंड प्रतिप्रकाशात येते आणि नुसती काळी रेघ उरते. तिचा आकार भरीव दिसायला हवा असेल तर दुपारनंतर जावं. पश्चिमेचा प्रकाश बाजूने पडला की डाव्या-उजव्या कड्यांचा उतार वेगवेगळा दिसायला लागतो. सकाळचा वेळ तलावाला द्यावा. वाऱ्याने झाडून काढलेल्या जागी काळसर पारदर्शक बर्फ उघडा पडतो, त्यात पांढऱ्या भेगा दूरवर गेलेल्या असतात. कॅमेरा गुडघ्याइतका खाली, भिंग १६ ते २० मिलिमीटर, भेग चौकटीच्या कोपऱ्यातून आत येणारी. एफ ११ ला, म्हणजे भिंगाचं छिद्र इतकं लहान करूनही, जवळची भेग आणि दूरचे डोंगर दोन्ही स्पष्ट येत नसतील, तर फोकस बदलत तीन फ्रेम घ्याव्यात आणि नंतर जोडाव्यात.

बर्फाच्या एक्सपोजरबद्दल इथेच सांगून टाकतो. समोर जे आहे ते मध्यम करडं आहे असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. त्यामुळे स्वयंचलित मापनात बर्फ मळकट येतो. बाजूचा प्रकाश असेल तर +१ (एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि आभाळ भरून सपाट पांढरं असेल तर +१.३ ते +१.७ इतकी भरपाई द्या. त्यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातले गडद ते उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहा. आलेख उजव्या कडेजवळ जावा, पण कडेवर आपटू नये. तीनही रंगांचा वेगळा आलेख लावून ठेवा, कारण सूर्योदयाच्या गुलाबी बर्फात लाल रंग आधी फुटतो आणि एकत्र आलेखात तो दिसत नाही. सावल्या निळ्या येणारच, कारण तिथे फक्त आकाशाचा प्रकाश पोचतो. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगछटा सुधारणाऱ्या सेटिंगने, ती निळाई पुसू नका. उन्हातला पिवळसर बर्फ आणि सावलीतला निळा बर्फ यांच्या फरकातूनच चित्रात थंडी येते.

उणे वीसला काय काय बिघडतं याचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरी जाते. लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि चार्ज शिल्लक असूनही कॅमेरा बंद पडतो. बॅटरी मेलेली नसते, आतल्या खिशात वीस मिनिटं ठेवली की पुन्हा चालते. चार बॅटऱ्या घ्या, तीन अंगालगतच्या खिशात ठेवा आणि फिरवत राहा. मग मागचा पडदा मंद होतो. रिमोटची केबल काठीसारखी कडक होऊन तुटते, त्यामुळे दोन सेकंदांचा टायमर वापरलेला बरा. ट्रायपॉडच्या धातूला उघडा हात लावू नका, कातडी चिकटते. पायांच्या वरच्या भागांना फोमची नळी गुंडाळा. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहताना श्वास सोडला तर काचेवर लगेच दंव धरतं आणि ते कापडाने पुसलं की पसरतं. श्वास बाजूला सोडायचा, कण रबरी पंपाने उडवायचे. तोंडाने फुंकर तर कधीच मारायची नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र परतल्यावर होतं. गोठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणला की हवेतलं बाष्प त्याच्यावर आणि आत भिंगांवर साचतं. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा बाहेर काढा, पिशवी बॅगेत ठेवा आणि बॅग दाराजवळच्या थंड कोपऱ्यात दोन तास तशीच राहू द्या. दवबिंदू पिशवीच्या बाहेरच्या बाजूला येतील. रात्री पुन्हा बाहेर पडायचं असेल तर कॅमेरा आत आणूच नका, कुलूपबंद गाडीत थंडच राहू द्या.

रात्री साडेनऊला उत्तरेला फिकट कमान दिसली. उघड्या डोळ्यांना ती राखाडी वाटते, ढगच असावा अशी. चाचणीसाठी तीन सेकंदांची एक फ्रेम घ्यावी, हिरवी आली तर तो ढग नाही. हा हिरवा रंग शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. दोनशे किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन लाल दिसतो, पण तो डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला आधी सापडतो. या अक्षांशावर प्रकाशाचं कडं जवळजवळ डोक्यावरच असल्याने केपी (भूचुंबकीय हालचालीचा शून्य ते नऊ असा निर्देशांक) २ असा साधा आकडाही पुरेसा ठरतो. केपीपेक्षा बीझेड पाहा. सौर वाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राची ही दिशा दक्षिणेकडे, म्हणजे उणे, वळली आणि टिकली की अर्ध्या ते एक तासात काहीतरी घडतं. ही सूचना पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येते, म्हणून एवढी आगाऊ मिळते.

एक्सपोजरचं गणित सोपं आहे. भिंग एफ २.८ किंवा त्याहून उघडं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. कमान संथ असेल तर ८ ते १० सेकंद. प्रकाशाचे पडदे हलायला लागले की ३ सेकंद आणि डोक्यावर उसळले की १ सेकंद. लांब एक्सपोजरमध्ये पडद्यांच्या घड्या पुसल्या जातात आणि हिरवं धुकं उरतं. इथे बहुतेकांची चित्रं वाया जातात ती ताऱ्यांच्या रेघांमुळे नाही, या धुक्यामुळे. फोकस हाताने करायचा, ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठा करून. रिंगला चिकटपट्टी लावा, तरीही अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, कारण थंडीत भिंग आकसतं आणि फोकस सरकतो. व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विनवर स्थिर ठेवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याचा पडदा फार उजळ दिसतो आणि चित्र बरोबर आलं असं वाटतं. हिस्टोग्रामवर विसंबा.

चंद्र असला तर वाईट वाटून घेऊ नका. अर्ध्याहून कमी चंद्र बर्फावर पुरेसा उजेड पाडतो आणि पुढची जमीन काळी पडत नाही.

सोमवार : लोफास्टवरून स्वोल्वेर

दिवस बहुतेक गाडीत गेला. २००७ मध्ये लोफास्टचा रस्ता खुला झाल्यापासून लोफोटेनला फेरीशिवाय पोचता येतं. या पट्ट्यात संध्याकाळी मूस (मोठ्या जातीची हरणं) रस्त्यावर येतात, तेव्हा अंधारात वेग कमी ठेवा. आबिस्कोत उणे वीस असलेला पारा स्वोल्वेरला अधिक दोन झाला होता आणि पाऊस पडत होता.

लोफोटेनचा खरा धोका हाच. पावसाचं पाणी रस्त्यावर साचतं, रात्री पारा उणे चारवर जातो आणि सकाळी रस्ता काचेसारखा होतो. बुटांना लावायचे साखळीचे खिळे कॅमेऱ्याइतकेच आवश्यक आहेत. वाहनतळापासून समुद्रकाठापर्यंतच्या शंभर पावलांत लोक हात मोडून घेतात.

वाण्याच्या दुकानांबद्दल एक सूचना : रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात. शनिवारीच शिधा भरा. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, तेव्हा तूप, पेढे, चक्का घरीच ठेवा. मेतकूट, कोरडी चटणी, गोडा मसाला, तेलातल्या दशम्या चालतात. तांदूळ, बटाटे, कांदे, कोबी तिथे सर्वत्र मिळतात. स्वयंपाकघर असलेली कोळ्यांची लाल लाकडी खोपी, म्हणजे रोर्बू, घेतली की जेवणाचा खर्च निम्म्याहून कमी होतो.

मंगळवार : ऑस्टनेसफ्योर्ड, कॅबेलवोग, हेनिंग्सवेर

ऑस्टनेसफ्योर्डच्या काठावर सिल्दपोल्नेसचं छोटं प्रार्थनाघर आहे, पाण्यात शिरलेल्या जिभेवर एकटं. रस्त्यालगतच्या थांब्यावरून ते दिसतं आणि जवळजवळ प्रत्येक जण रुंद भिंग लावतो. ७० ते १३५ मिलिमीटर लावून पाहा. मागचे डोंगर जवळ ओढले जातात आणि इमारत किती लहान आहे ते कळतं. वारा नसेल तर पाण्यात प्रतिबिंब पडतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर तो फिरवताना जपून, पूर्ण फिरवला की हे प्रतिबिंबच नाहीसं होतं.

कॅबेलवोगचं पिवळं लाकडी चर्च १८९८ मधलं, बाराशे माणसं बसतील एवढं. एवढ्याशा गावाला एवढं चर्च कशाला, तर हिवाळी मासेमारीसाठी हजारो कोळी इथे जमत असत. राजा ऑइस्टाइनने ११२० च्या सुमाराला याच भागात कोळ्यांसाठी पहिल्या रोर्बू बांधवल्या असं सांगतात. लोफोटेनचा सगळा इतिहास एका माशाभोवती फिरतो. बॅरेंट्स समुद्रातला कॉड जानेवारी ते एप्रिल अंडी घालायला इथे येतो, त्याला स्क्रेई म्हणतात.

हेनिंग्सवेरला लाकडी मांडवांवर हा मासा वाळत घालण्याचं काम चालू होतं. साफ केलेले दोन मासे शेपटीशी बांधतात आणि आडव्या वाशावर टांगतात. मीठ नाही, धूर नाही, फक्त हवा. वर्सोव्याला बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीने दोरीवर टाकतात, त्या कोळीवाड्यातल्या माणसाला हे मांडव पाहून काही समजावून सांगावं लागणार नाही. फरक हवामानाचा. आपल्याकडे ऊन वाळवतं, इथे शून्याच्या आसपासचा वारा. याहून जास्त थंडी पडली तर मासा गोठून आतून फाटतो, उबदार झालं तर माशी बसते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पारा बहुधा या दोहोंच्या मधे राहतो, म्हणून हा धंदा इथे टिकला. मुंडकी वेगळी ओवून वाळवतात आणि ती बहुतांशी नायजेरियाला जातात. उत्तम प्रतीचा मासा इटलीला.

मांडवावर चढलेल्या दोघांपैकी वयस्कर माणसाने कॅमेरा पाहून मान हलवली आणि काम चालू ठेवलं. त्यांच्या वाटेत न येता, मांडवाच्या आत उभं राहून वर पाहत काढलेली चौकट चांगली येते. आकाश उजळ असतं, मासे काळे पडतात, म्हणून इथेही +१ ते +१.५. परवानगी विचारल्यावर बहुतेक जण हो म्हणतात, पण मांडव ही खाजगी जागा आहे आणि खाली बर्फावर चरबी सांडलेली असते, ती बर्फाहून निसरडी.

दुपारी धक्क्याजवळच्या खानावळीत मोल्ये मिळालं. उकडलेला कॉड, त्याचं काळीज, गाबोळी आणि बटाटे. काळजाची चरबी बटाट्यावर ओतून खायची असते. मसाला नावालाही नाही, पण मासा त्याच सकाळचा असल्यामुळे मांसाचे पापुद्रे काट्याने स्पर्श करताच सुटतात. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी ताटातला उरलेला बटाटा पाहून, काळीज कसं कुस्करायचं ते हाताने खुणा करून दाखवलं.

बुधवार : हाउकलँड आणि उत्ताक्लाइव

बेटांची बाहेरची बाजू वायव्येला उघडी, आतली बाजू वेस्टफ्योर्डकडे, मध्ये डोंगरांची भिंत. सकाळी उठून आधी वाऱ्याची दिशा पाहायची. नैऋत्येचा किंवा दक्षिणेचा वारा असेल तर हाउकलँड, उत्ताक्लाइव, स्कागसांडेन या बाहेरच्या किनाऱ्यांना थोडा आडोसा मिळतो. वायव्येचा असेल तर हिमवर्षावाच्या सरी थेट त्यांच्यावर येतात, तेव्हा आतल्या बाजूला राइने किंवा हेनिंग्सवेर गाठावं. आडोशालाही डोंगरावरून कोसळणारे झोत असतात, ट्रायपॉड सोडून दोन पावलंही दूर जाऊ नका.

हाउकलँडला पांढरी वाळू आणि उथळ, हिरवट पाणी. बोगद्यापलीकडे उत्ताक्लाइवला मात्र गोल, मोठे दगड. ते लाटांच्या तुषारांनी माखतात आणि वर बर्फाचा पारदर्शक थर चढतो. दगड ओला दिसतो तो गोठलेला आहे असंच समजा. याच खडकांत एक रांजणखळगा आहे, आत गोल दगड बसलेला, वरून डोळ्यासारखा दिसणारा. छायाचित्रांत गाजलेला तो हाच. खळगा गोठलेला असतो तेव्हा आतल्या बर्फाच्या वलयांवर फोकस धरा.

पुढे उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा पाहा. सात-आठ लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात आणि त्या कुठवर पोचतात हे दगडांवरच्या ओल्या रेषेवरून कळतं. पाठ समुद्राकडे करून बॅग उघडू नका.

पाण्याची हालचाल टिपायला लोक सरसकट तीस सेकंद लावतात आणि समुद्राचं धुकं होतं. लाट दगडांतून परत फिरताना अर्धा सेकंद ते एक सेकंद पुरतो. पाण्याच्या पांढऱ्या रेघा समुद्राकडे जाताना दिसतात आणि नजर त्यांच्यामागे जाते. बटण लाट फुटल्यावर नाही, परतायला लागल्यावर दाबायचं. तीन किंवा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) यासाठी योग्य, दहाचा बहुधा जड पडतो.

मागे वळलो तेव्हा एक हिमसर समुद्रावरून येत होती, राखाडी भिंत खाली पाण्याला टेकलेली. ती पोचायला दहा मिनिटं लागली आणि ओसरायला पंधरा. ती ओसरत असताना मागून सूर्य फुटला आणि सगळा डोंगर केशरी झाला. लोफोटेनमध्ये सर्वांत मोलाची वेळ ही, सरीच्या शेपटाची. सर येताना पळून गाडीत बसणाऱ्यांना ती मिळत नाही. भिंगावर टोपी आणि कॅमेऱ्यावर पावसाचं आवरण घालून, पाठ वाऱ्याकडे करून थांबावं.

गुरुवार : वादळ

नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या 'यीआर' या सेवेने आदल्या रात्रीच झोतांचा इशारा दिला होता. ध्रुवाकडची अतिथंड हवा तुलनेने उबदार समुद्रावरून वाहत आली की लहान पण तीव्र वादळं तयार होतात. ती काही तासांत उभी राहतात, म्हणून अंदाज दर सहा तासांनी पाहायचा.

अशा दिवशी पुलांवर जाऊ नये. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. पाठीमागून वारा असेल तर दार बिजागरीतून निघतं, आणि हे नुकसान बऱ्याच विम्यांत धरत नाहीत. छायाचित्रं गाडीतूनही निघतात. आडोशाच्या बाजूची काच खाली करा, इंजिन आणि हीटर बंद करा, पाच मिनिटं थांबा. हीटरची गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना थरथरते आणि लांब भिंगातून सगळं मऊ दिसतं. फोकसचा दोष समजून लोक भिंग दुरुस्तीला देतात, दोष त्या हवेचा असतो.

दुपारी बोर्गच्या वायकिंग संग्रहालयात गेलो. शेतात नांगरताना सापडलेल्या अवशेषांचं १९८० च्या दशकात उत्खनन झालं आणि सरदाराचं ८३ मीटर लांबीचं घर उजेडात आलं. त्याची पूर्णाकृती टेकडीवर उभी आहे. आत विस्तवाचा उजेड, डांबर आणि धुराचा वास. हिवाळ्यात वेळा कमी असतात, आधी विचारून जावं.

रात्री रोर्बूच्या मालकीणबाईंनी गरम वाफल आणि तपकिरी चीज आणून दिलं. वारा कधी पडेल असं विचारल्यावर त्यांनी अंदाज नाही पाहिला, खिडकीतून समोरच्या धक्क्यावरच्या बोटी पाहिल्या आणि पहाटे म्हणाल्या. पहाटे पडला.

शुक्रवार : फ्लाकस्टाड, स्कागसांडेन, राम्बेर्ग

फ्लाकस्टाडचं लाल चर्च १७८० मधलं. पुढे स्कागसांडेनचा किनारा, जिथे ओहोटीच्या वेळी पांढऱ्या आणि काळ्या वाळूच्या नक्ष्या उमटतात. पाणी उतरताना हलके आणि जड कण वेगवेगळे मागे राहतात, त्यातून या शिरा तयार होतात. इथे भरती-ओहोटीचा फरक अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तीन मीटरपर्यंत जातो आणि भरतीला ही नक्षी पूर्ण बुडते. नॉर्वेच्या नकाशा विभागाच्या संकेतस्थळावर ठिकाणानुसार वेळा मिळतात. नीचतम ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाण्यामागोमाग पुढे सरका. ताज्या उघड्या पडलेल्या वाळूवर पावलांचे ठसे नसतात. स्वतःचे ठसेही विचार करून उमटवा, मागून येणाऱ्याला तोच किनारा वापरायचा आहे.

ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून बसवा, नाहीतर लाट परतताना ते खचतात आणि चित्र हलतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेत. बॅग खाली ठेवायची नाही. लाट मागे गेल्यावर ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा चार-पाच सेकंद टिकतो आणि तेवढा वेळ ती आरसा होते. रात्री ध्रुवीय प्रकाशाचं प्रतिबिंब याच पापुद्र्यात पडतं. किनारा उत्तरेकडे उघडा असल्याने त्यासाठी हीच जागा निवडावी.

तुषारांतलं मीठ भिंगावर पातळ थर धरतं. कोरड्या कापडाने पुसलं की ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं कापड, मग कोरडं. अशी कापडं दिवसाला आठ-दहा लागतात. रात्री ट्रायपॉडचे सगळे भाग उघडून कोमट गोड्या पाण्याखाली धुवा, पुसा आणि उघडेच वाळू द्या. एक दिवस टाळलं तर दुसऱ्या दिवशी सांधे करकरतात.

राम्बेर्गच्या वाळूवरची एकटी लाल खोपी बहुतेक जण भर दुपारी टिपतात. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी, बर्फ निळा पडल्यावर, तिचा लाल रंग जास्त खुलतो.

शनिवार : हाम्नॉय, साक्रिसॉय, राइने आणि ओ

हाम्नॉयच्या पुलावरून दिसणाऱ्या लाल रोर्बू आणि मागचा टोकदार सुळका हे लोफोटेनचं सर्वांत जास्त टिपलेलं दृश्य. गर्दी असते, पण सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचलात तर जागा मिळते आणि खोप्यांतले दिवेही लागलेले असतात. दिवे आणि निळं आकाश सारख्या उजेडाचे होतात तो काळ साधारण पंधरा मिनिटांचा, चित्र त्यातच घ्या. २४ ते ३५ मिलिमीटर पुरे. पुलावरून ट्रक गेला की पूल थरथरतो, दहा सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये ते हमखास दिसतं. वाहनाचे दिवे दिसले तर थांबा, किंवा आयएसओ वाढवून वेळ एका सेकंदावर आणा. पुलाच्या कठड्याला ट्रायपॉड टेकवू नका, कंप तिथूनच चढतो.

साक्रिसॉयची पिवळी घरं आणि मागे ६७५ मीटरचा ओल्स्टिंड. आग्नेयेकडून येणारा पहिला प्रकाश शिखराला लागतो तेव्हा घरं सावलीतच असतात. फरक तीन ते चार स्टॉपचा असतो, म्हणून दोन एक्सपोजर घ्या, एक शिखरासाठी आणि एक घरांसाठी.

राइनेब्रिंगेनच्या माथ्यावरचं दृश्य सगळ्यांना हवं असतं. नेपाळी शेर्पांनी तिथे दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, पण हिवाळ्यात त्या बर्फाखाली जातात आणि त्या उतारावर हिमस्खलन होतं. या मोसमात तिथे चढू नये. वारसोम या संकेतस्थळावर हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पातळ्यांत रोज दिला जातो. सपाट रस्त्यावरही उताराखाली गाडी लावण्याआधी तो पाहा. उंचावरून हवंच असेल तर ड्रोन, पण नोंदणी करून, १२० मीटरच्या खाली आणि विमानतळापासून ५ किलोमीटर दूर. लेक्नेस आणि स्वोल्वेर दोन्हीकडे विमानतळ आहेत, त्यामुळे बराच भाग आपोआप वर्ज्य होतो.

रस्त्याकडेला 'एम' अक्षराच्या निळ्या पाट्या दिसतात, त्या जागा समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी आहेत, गाडी लावून चित्रं काढण्यासाठी नाहीत. स्थानिकांची छायाचित्रकारांविरुद्धची मोठी तक्रार हीच, आणि ती रास्त आहे. रुग्णवाहिका याच एका रस्त्याने जाते.

ओ या गावात ई-१० एका वाहनतळावर संपतो. परतीला दोन पर्याय. मोस्केनेसहून बोडोला फेरी, साडेतीन-चार तासांची, पण वादळात रद्द होते. किंवा आल्या रस्त्याने एवेनेस, सुमारे तीनशे किलोमीटर, हिवाळ्यात पाच ते सहा तास धरा. कुठलाही मार्ग घेतलात तरी विमानाच्या आदल्या दिवशी विमानतळाजवळ मुक्काम ठेवा.

निघण्याआधी बुटांचे खिळे, ट्रायपॉड आणि फिल्टरच्या चौकटी गोड्या पाण्याने शेवटचं धुऊन पूर्ण वाळवा. ओलं सामान बॅगेत भरून मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस राहिलं की भिंगात बुरशी धरायला तेवढं पुरतं. घरी पोचल्यावर भिंगं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि आठवडाभराने टॉर्चच्या उजेडात आतून तपासा.